पट्ट्याच्या आवाजातली हाक

परतूर, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८५६
सकाळच्या गाडीनं उतरलो. स्टेशनापासून जिनिंग कारखान्यापर्यंत कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग. मुकादम बद्रीनाथ मोठा दिलदार माणूस. आधी भाकरी-ठेचा पुढ्यात ठेवला, मंग मी चालवायचं इंजिन दाखवलं. सगळी यंत्रं फिरवणारा पट्टा थांबवायचा दांडा माझ्या हाताशी. राहायला इंजिनघरावरची माडी. नऊ वर्षं शेती केली, तरी हात यंत्र विसरले न्हाईत. बिलकुल झकास वाटलं.

शुद्ध ९
यंत्रात कापूस घालणाऱ्या बायांत केदारखेड्याची नंदाबाई हसरी आहे. मला भाऊ म्हणते. आज पट्टा फिरायला लागला आणि त्याच्या फटक्यांतून तीर्थपुरीची दुर्गाबाई ओरडली, "भाऊ, थांबवा!"
नऊ वर्षांत तिचा चेहरा पुसट झाला. आवाज न्हाई. उलट धार चढलीय. तीर्थपुरीच्या जिनिंगात तिचा पदर पट्ट्यात गेल्ता. दांडा माझ्याच हाताशी होता. तिची हाक मी ऐकली होती. बाया उगीच ओरडतात म्हणून विडी ओढत बसलो. ती मेली. पंचांना सांगितलं, गोंगाटात काही ऐकू आलं न्हाई.

वद्य १
रोज तीच हाक. आज दोनदा पट्टा थांबवला. दोन्ही वेळा सगळ्या बाया धडधाकट, माझ्याकडं बघत उभ्या. बद्रीनाथ चिडला. "श्रीपतराव, हे काय करून राह्यले तुम्ही? आता उगीच थांबवलं तर गावाकडं जा."

वद्य ४
आता हाक आली तरी दांड्याला हात लावत न्हाई. दात आवळून उभा राहतो. थोड्या वेळानं विरते. जमून राह्यलंय.

वद्य ६
दुपारी हाक आली. उभा राहिलो. पुन्हा आली. विरेना. माझ्या अगदी पाठीमागून — मंग दांडा ओढला.
उशीर झाला.
ती हाक नंदाबाईची. पदर पट्ट्यात. गेली.

वद्य ७
बद्रीनाथ रडत होता. म्हणाला, तुमचा काय दोष, एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू येतं.
मी मान हलवली. हो म्हणून. हलवली मी मान —

वद्य ८
जिनिंग बंद. इंजिन थंड. पट्टा उतरवून ठेवलाय, तरी फटके ऐकू येतात. त्यांत आता दोघी. कोणती कोण — कळत न्हाई.
फौजदार येणार आहेत. सांगून टाकतो. दोन्ही वेळा ऐकलं होतं. दोन्ही वेळा —
खालून कुणी हाक मारली. फौजदारांचा शिपाई असेल. जातो. पण शिपाई मला भाऊ कशाला म्हणेल, आणि आवाज तर बाईचा —