आसरांची खरी जागा

नगर,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. श्रीमंत यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू, राजेश्वरी आणि धनश्री बरी असाल. यंदा पावसानं शेवगावकडं लई नुकसान केलं, टीव्हीवर दाखवत होते. तुमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पाणी शिरलं नाही ना?

पत्र बघून हसशील. म्हणशील, आक्काकडं मोबाईल असताना हे काय खूळ काढलं. अरे, रविवारपासून चार वेळा फोन केला तुला. पहिल्यांदा तुझ्या गुडघ्याचं विचारलं. दुसऱ्यांदा राजेश्वरीकडं लिंबाच्या लोणच्याची चौकशी केली, तिसऱ्यांदा "चुकून लागला" म्हणाले आणि चौथ्यांदा नुसतीच बरं बरं करत बसले. तोंडापर्यंत येतं आणि गिळलं जातं. कागदावर तू मधेच बोलणार नाहीस, तेवढं बरं.

तर मुद्दा असा, की रविवारचं तुझ्या घराचं भूमिपूजन पुढं ढकल. जमीन अजून ओली आहे, पायाचे खड्डे ढासळतील. मजूर दिवाळीला गावी जातील आणि काम अर्धवट पडेल. तुझ्या दाजींची कंबर धरली आहे, त्यांना उभं राहवत नाही. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले मुहूर्त उत्तम आहे, पण त्यांना काय कळतंय. एवढी कारणं एकदम लिहिली म्हणजे त्यातलं एकही खरं नाही, हे तू ओळखलंच असशील. लहानपणीसुद्धा तू माझं खोटं लगेच धरायचास.

इथलं काही ओळखू येत नाही असं तू मागं म्हणालास. मी रोज इथं राहते, मला तरी कुठं येतंय! गावातल्या गावात दिलेली बाई मी, पन्नास वर्षं हेच रान बघितलं. लिंब गेला, बांध गेला, ओढा सिमेंटच्या नळ्यात घातला. आता कमान आहे, 'शाही दरबार सिटी', वर प्लास्टरचे दोन हत्ती. एकाची सोंड या पावसात गळून पडली. नाव बादशाही लावायचं, आणि बादशाहीचं जे खरंखुरं होतं ते मुरमाखाली घालायचं. घरं एवढी झाली तरी पाणी नाही, रोज टँकर येतो.

आतली विहीर आठवते का तुला? आण्णा आपल्याला दोघांना न्यायचे. डोंगराखालचं पाणी शहरात न्यायला बादशहाच्या काळात खापरी नळ घातलेला, आणि तो साफ करायला मधे मधे उतरायच्या विहिरी. आपला आजा त्यात उतरायचा. आपल्या वेळेला नळ कधीचा बंद पडलेला, पण खाली कुठंतरी पाणी वाहत होतंच. दगडी झाकणाला कान लावला की ऐकू यायचं. तू भिऊन रडायचास आणि मी तुला हसायचे. झाकणाशेजारी त्या सात शेंदरी दगडांच्या आसरा, पाणी राखणाऱ्या देवी. आई वर्षातून एकदा दहीभाताचा निवद आणि हिरव्या बांगड्या ठेवायची. आण्णा सांगायचे, "आसरांपासून चाळीस पावलं सोडायची. तिथं काय बी बांधायचं न्हाई, खाली समदं पोकळ हाय."

तू ते विसरला नाहीस. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

मार्चमध्ये प्लॉट दाखवायला तू आम्हाला नेलंस तेव्हा व्यवहार करून मोकळा झाला होतास. आसरांच्या देवळापाशी उभा राहिलास, चपला काढल्यास, आणि मोठ्यानं पावलं मोजत निघालास. चाळीस नाही, साठ मोजलीस. तेवीस नंबरच्या प्लॉटमध्ये मधोमध उभा राहून ओरडलास, "आक्का, आण्णांचा शब्द पाळला बघ! वर वीस पावलं जादा!" धनश्रीनं फोटो काढला. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. फोटोत मी हसते आहे.

तुझ्या प्लॉटवर पाणी साचत नाही म्हणून तू खूष होतास, निचरा चांगला म्हणालास. परवा दुपारी मी तिथं जाऊन आले. आजूबाजूच्या सगळ्या प्लॉटांवर डबकी, तुझ्याकडं नुसती ओल. मधोमध ताटाएवढी जागा खाली बसलेली. मी वाकून बघितलं आणि चपला हातात घेऊन पळाले. पंचावन्न वर्षांची बाई, भर दुपारी, कमानीपर्यंत पळत. वॉचमनला वाटलं कुत्रं मागं लागलं.

आज एवढंच. दाजी चहा मागताहेत.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

श्रीमंत, कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून घे. हे पत्र दोन दिवस पिठाच्या डब्यात होतं. दाजींना दाखवायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर टाकायचंही नव्हतं. बुधवारी मी जे लिहिलं त्यात जे लिहायचं होतं तेवढंच राहिलं होतं. पण काल जे झालं त्यानंतर गप्प बसले तर मी माणूस नाही.

काल सकाळी टँकरवाला गाडी वळवायला म्हणून तुझ्या प्लॉटमध्ये मागं घेत होता. मागचं चाक खाली गेलं. रुतलं नाही रे, गेलं! गाडी एका अंगावर कलली, बायका ओरडल्या, ड्रायव्हरनं उडी मारली म्हणून वाचला. ट्रॅक्टर लावून टँकर ओढून काढला. मागं भोक राहिलं, आपल्या जुन्या चुलीएवढं. कडेला विटा दिसत होत्या, जुन्या, पातळ. कुणीतरी दगड टाकला. आवाज यायला इतका वेळ लागला, की बायका पोरांना ओढत मागं सरल्या.

तासाभरात मच्छिंद्रनं दोन डंपर मुरूम आणून ओतला. मच्छिंद्र म्हणजे आपल्याच गावचा, आता हे प्लॉट पाडणाऱ्या शेठचं सगळं काम बघतो. लोकांना म्हणाला, ड्रेनेजची लाइन बसली, बाकी काय नाही. वरून रोलर फिरवला. आज बघितलंस तर तुला काही कळणार नाही. रविवारी मजूर कुदळ घेऊन त्याच जागी पायाचे खड्डे घेतील. पहिली कुदळ धनश्री मारणार, असं तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस.

कालच दुपारी मच्छिंद्र घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, दाजींच्या कंबरेचं विचारलं. मग म्हणाला, "आक्का, श्रीमंतरावांना उगं घाबरवू नका. कागदावर सही तुमची हाय. उद्या चौकशी लागली तर शेठ न्हाई, तुमीच अडकताल. आन् तुमच्या पोराची, अजिनाथची नोकरी बी आमच्याकडंच हाय." हसत हसत म्हणाला. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

आता लिहिते.

आसरा तिथं नव्हत्या, श्रीमंत. तू जिथून पावलं मोजलीस ती त्यांची जागाच नाही. मी त्यांना हलवलं.

तीन वर्षांपूर्वी इथं जमीन सपाट करत होते. जेसीबीवाला दगडांजवळ जाईना. म्हणाला, आसरांच्या वाटेला मी जाणार नाही, माझी लेकरंबाळं आहेत. आठ दिवस काम बंद. तेव्हा मच्छिंद्र आला. म्हणाला, आक्का, पूजा तुमच्या घरातली, तुमच्या हातानं हलवलं तर देवी रागवायच्या नाहीत. कोपऱ्यावर पांढऱ्या फरशीचं देऊळ बांधू, वर तुमचं नाव घालू. अजिनाथला साइटवर सुपरवायझर करू. पोराची नोकरी हे कारण मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण तुला म्हणून सांगते, मला ते नाव पाहिजे होतं. जन्मभर कुठं नाव लागलं नाही माझं, रेशनकार्डावरसुद्धा दाजींच्या खाली. मी ओटी भरली, हात जोडले, एकेक दगड पाटीत ठेवला आणि साठ पावलं चालत नेला. सात खेपा केल्या. मी साठ पावलं घेऊन गेले, आणि तू साठ पावलं मोजत परत तिथंच येऊन उभा राहिलास.

तुला फोनवर सांगितलं होतं, देऊळ जागच्या जागी बांधलं. ते खोटं.

दगड उचलल्यावर जेसीबीवाल्यानं झाकण फोडलं आणि मुरूम ढकलला. मी तिथंच उभी होते. माती किती जाते आहे हे त्यालाही कळंना. वरचे दोन हात भरून सपाट केलं, खाली काय राहिलं ते देवालाच माहीत.

पुढं शहरातले एक इतिहासाचे सर आले होते, वही घेऊन. बिचारे उन्हात हिंडून हिंडून नळ कुठून कुठं जातो ते लिहीत होते. मला विचारलं, "मावशी, इथं नळाची विहीर होती ना?" मी म्हणाले, "न्हाई बाबा, इथं काय बी नव्हतं." त्यांनी वर अर्ज केला, म्हणून पंचनाम्याला साहेब आले. पंच म्हणून मच्छिंद्रनं मला उभी केली. कागदावर लिहिलं होतं, सदर जागेत कोणतीही विहीर अथवा जुने बांधकाम कधीही नव्हते. दाजींना, अजिनाथला, सगळ्यांना मी सांगितलं की न वाचता सही केली. गावात सगळेच तशी करतात, कुणाला नवल वाटलं नाही.

मी सातवी पास आहे, श्रीमंत. वाचलं होतं मी. दोनदा वाचलं होतं.

मार्चमध्ये तू त्या प्लॉटमधून ओरडलास तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मच्छिंद्र शेजारी उभा होता. तू इतका खूष होतास. मनात म्हणलं, घरी गेल्यावर सांगू, जेवण झाल्यावर सांगू, पाडव्याला सांगू. असे सात महिने गेले. धनश्रीनं घराचा नकाशा पाठवला तेव्हा मी मोबाईल उलटा ठेवून दिला. तिची अभ्यासाची खोली बरोबर विहिरीवर येते. आता मला देवींची भीती आहे, का मच्छिंद्रची, का तुझी, हेच कळंनासं झालंय. पण त्या खोलीत टेबलाशी बसलेली पोरगी डोळ्यांपुढं आली की बाकीच्या सगळ्या भीती मागं पडतात.

विहीर कुठं आहे ते नीट लिहिते, कारण आता हे सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. जुन्या रस्त्यावरचा मैलाचा दगड तेवढा अजून जागेवर आहे, पानटपरीच्या मागं. त्याच्याकडं पाठ करून डोंगराच्या खिंडीकडं तोंड करायचं आणि सरळ एकशे बारा पावलं. आण्णांची मोजणी. आज दुपारी मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा तुझ्या प्लॉटच्या मधोमध आले, आणि शेवटची दोन पावलं टाकली नाहीत. हे त्या सरांनाही सांग. त्यांचा नंबर या कागदाच्या मागं लिहिला आहे, मी तेव्हा फेकला नव्हता. नळ तिथंच संपत नाही, पुढं घरांखालून गेला आहे. ते शोधतील.

तू चिडशील. चीड. पैसे अडकले म्हणून राजेश्वरी मला बोलेल, तिला बोलू दे. भाऊबीजेला आला नाहीस तरी मी समजून घेईन. अजिनाथची नोकरी जाईल, त्याला आज सकाळी सगळं सांगितलं. त्यानं साइटचं ओळखपत्र गळ्यातून काढून फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "आई, आधी मामाला कळव." दाजींना पत्र गेल्यावर सांगणार आहे.

शेजारची रतनबाई उद्या सकाळच्या गाडीनं शेवगावला लेकीकडं निघाली आहे. पत्र तिच्याजवळ देते, तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. तिला गाडीत बसवून मी देवळात जाणार, पाटी घेऊन. सातही दगड होते तिथं परत नेऊन ठेवणार. आसरा मांडलेल्या दिसल्या की एकही मजूर तिथं कुदळ लावायचा नाही, मच्छिंद्रनं किती हसून सांगितलं तरी. ती शेवटची दोन पावलं मला टाकायची आहेत, आणि श्रीमंत, मला लई भीती वाटते. वरचा मुरूम कालचाच आहे. जाताना मोकळ्या हातानं नाही, दगड घेऊन जायचंय, तेही सात वेळा. मुरूम धरला तर धरला.

रविवारी तू आलास तर धनश्रीला कमानीबाहेर गाडीतच बसव. एकटा आत ये. तेवीस नंबरमध्ये सात शेंदरी दगड दिसतील. त्यांच्यापासून चाळीस पावलं सोडून उभा राहा आणि मला हाक मार. मी तिथंच, दगडांच्या अलीकडं बसलेली असेन. तेवढं अंतर राखून थांब, पुढं येऊ नकोस. मीच उठून तुझ्याकडं येईन.

धनश्रीला माझा पापा.

हे सगळं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं आहे, आणि वाचून खाली सही केली आहे.

तुझी आक्का,
पुष्पावती