पिशोरपर्यंत पुरेल अशी सीट

१३ नोव्हेंबर
आज पण ति.दु. म्हणजे तिथं दुखतंय. वहीत सुद्धा पूर्ण लिहायला लाज वाटते, म्हणून एवढंच. गारखेड्याहून चिकलठाण्याला कंपनीच्या गेटपर्यंत सायकलवर झोकात गेले आणि उतरल्यावर भिंतीला धरून उभी! स्टोअरमधली वंदना म्हणाली, "पाठ धरली का गं?" व्हय म्हणाले. दुसरं काय सांगणार.

ही तिसरी सीट. आधी जेलचं कव्हर, मग रुंद फोमची, आता मधे खाच असलेली. दुकानात बोटानं दाबून बघितलं की सगळ्याच मऊ. पंधरा दिवसांत चपटी पोळी.

आणि मी भाऊबीजेला पिशोरात, माहेरी, सगळ्या घरादेखत बोलून बसलेय, संक्रांतीला सायकलवर येते म्हणून. आई, म्हणजे आमची आक्का, बघतच राहिली. दिनकर, आमचा धाकटा भाऊ, हसून हसून लाल. पन्नाशीची बाई, पन्नासच्या वर कि.मी.! पण बोलले ते बोलले.

१५ नोव्हेंबर
हे म्हणतात, "एवढा त्रास होतोय तर सोड ना. पुतण्या मागतोयच सायकल." चांगल्या मनानं म्हणाले, तरी असा राग आला! चोवीस वर्षं कंपनीच्या बसमधून पेंगत गेले. आता जालना रोडला सकाळचा वारा तोंडावर येतो तेव्हा मोठ्यानं गाणं म्हणते मी. हेल्मेट असल्यावर कोण ओळखतंय. नाही सोडणार म्हणजे नाही सोडणार.

पण पिशोर जमलं नाही तर पुतण्याला देईन, असंही बोलून गेले. जीभ आहे का काय!

१७ नोव्हेंबर, रविवार
सापडलं!! म्हणजे सांगाडाच सापडलाय, पण तरी!

रविवारच्या बाजारात ह्यांना नळाची तोटी बघायची होती. मी आपली जुन्या लोखंडात बघत होते. एका ढिगात सीटचा सांगाडा, मागं दोन जाड स्प्रिंगा, वर फाटक्या कातड्याची नुसती झालर. विकणारा म्हणाला, "दूधवाल्याची आहे मॅडम. लई वर्षं बसला त्याच्यावर." म्हटलं, दुखत नव्हतं का त्याला? "दुखलं असतं तर बसला असता का?"

काय पॉइंट आहे! घेतला. कातडं कोण चढवून देईल विचारलं तर म्हणाला, रोशन गेटजवळ रहमानचाचा, वरातीच्या घोड्यांची खोगिरं करतात. हे म्हणाले, "आता घोड्याचं खोगीर घालून जा." जाईन की.

२० नोव्हेंबर
आजचा दिवस विसरणं शक्य नाही.

चाचा सत्तरीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. सांगाडा हातात फिरवून म्हणाले, "लोहा अच्छा है. भैंस का चमडा चढाऊंगा. पन ताई, दर्द किदर होता, बराबर बोलो." झालं! मी छताकडं बघतेय, चाचा जमिनीकडं. शेवटी त्यांनीच आत हाक मारली, "अजी सुनती हो."

झुबेदाचाची मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. परातीत चाळलेलं पीठ पसरलं, त्यावर पातळ कपडा, परात बाजेवर. "बैठो." मी म्हटलं, पिठात? "हौ. बैठो, पाय उचलो, उठो." बसले. उठले. पिठात दोन खळगे! माझी बसायची दोन हाडं, अगदी स्वच्छ. चाची म्हणाल्या, "इदर वजन आता. सीट इदर पकडना मंगता, बाकी जागा को छोडना मंगता." दोन खळग्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं आणि बाहेर जाऊन नवऱ्याला बोटंच दाखवली. चाचांनी मान डोलावली. विषय संपला. चाची आणि मी हसून हसून बेजार. चहा झाला. वर्षभर तीन दुकानं फिरले, एकानं हे विचारलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर
सीट आली. काय देखणी आहे! चहासारखा रंग, पुढं तांब्याचे रिव्हेट. चाचांनी स्वतः सायकलला बसवून दिली. सीटच्या पुढच्या टोकाखाली बोल्ट आहे, कातडं ढिलं पडलं तर पाव आटा फिरवायचा, जास्त नाही. मी बसून बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पाट! जेवायला बसायचा लाकडी पाट!

"चमडा जिद्दी रहता ताई. रोज थोडा बैठो. दो महिने में मान जाएगा."

दोन महिने? संक्रांत दीड महिन्यावर आहे चाचा!

५ डिसेंबर
ति.दु. जबरदस्त. पण नवीन जागी. फक्त हाडांवर, बाकी कुठं नाही. हे चांगलं का वाईट? चाचांना फोन. "एकदम सही." बरं.

१४ डिसेंबर
खळगे!!! सकाळी अंगणात ऊन तिरपं पडलं होतं, पुसायला गेले तर सीटवर दोन फिकट खळगे, पिठात होते तसेच. ह्यांना ओढत आणून दाखवले. सासूबाईंना दाखवले. शेजारच्या काकूंना पण दाखवणार होते, पण कशाचे ते सांगावं लागलं असतं.

आज कंपनीपर्यंत एकदाही सीटवरून उठावं लागलं नाही. गाणं दोन कडव्यांचं.

२३ डिसेंबर
जालन्याहून आले, मावसबहिणीकडं लग्न होतं, तीन दिवस. येऊन बघते तर सीट काळपट, चकचकीत, आणि कशी मऊ! सासूबाई ओट्यावर बसून माझ्याकडंच बघत होत्या.

"एरंडेल पाजलं," म्हणाल्या. "नव्या वहाणा चावल्या की आमी असंच करायचो. दोन दिस फडकं भिजवून गुंडाळलं, एक दिस उन्हात. तू लंगडत उतरती रोज. मला दिसत नाय व्हय?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. एक शब्द बोलल्या नाहीत इतके दिवस. मी त्यांच्या गळ्यातच पडले.

२४ डिसेंबर
अहाहा! गादी! हवेत बसल्यासारखं. चाचा उगाच दोन महिने म्हणत होते. सासूबाई झिंदाबाद.

२७ डिसेंबर
गेली. सीट गेली. मधे झोळी झालीय, कातडं खाली बसून लोखंडाला टेकतं, कडा वर येऊन मांड्यांना घासतात. ति.दु. आधीच्या तिप्पट. बोल्ट शेवटपर्यंत फिरवला, उपयोग शून्य. मुकुंदवाडीपासून हातात धरून आणली सायकल. रस्ताभर रडू येत होतं, खरं सांगते.

सासूबाईंना कळू दिलं नाही. टायर पंक्चर म्हणाले.

२८ डिसेंबर
चाचांनी हात लावला आणि बोटांचा वास घेतला. "एरंडी!" कपाळाला हात. "ताई, जूती पाव को ढकती, नरम होना. सीट तुमको उठाती. खाट की रस्सी को तेल पिलाते क्या कोई?"

मला हे आधी का नाही सुचलं! आमच्याकडं कातडं म्हणजे वहाण, वहाण म्हणजे एरंडेल. कोणी दुसरा विचारच करत नाही. किती ओतलं, चाचांनी विचारलं. म्हटलं, माहीत नाही, आमच्या सासूबाईंनी मायेनं केलं. चाचांनी सीट उलटी करून बघितली. मग म्हणाले, "मुहब्बत ज्यादा हो गई. निकालनी पडेगी."

मुलतानी मातीत पुरून ठेवतात म्हणे, माती तेल ओढते. वाचेल का? "आधी बघू दे." पहिल्यांदा मराठीत बोलले. त्यानं जास्तच भीती वाटली.

१ जानेवारी
फोन केला. चाची: "सो रही है." कोण? "तुम्हारी सीट." चौथ्यांदा माती बदललीय.

इकडं दिनकरचा फोन, "ताई, येतीस ना नक्की? आक्का विचारती." येतेय म्हणाले. कशावर बसून ते नाही सांगितलं.

५ जानेवारी
वाचली!! रंग गेला, आता गुळासारखी दिसते. पण उभी राहिली! चाचांनी दोन्ही कडांना भोकं पाडून खालून कातड्याची वादी ओवलीय, बुटाच्या लेससारखी. वादी आवळली की दोन्ही कडा आत, मधला भाग वर. "हे बघ, अशी गाठ." मला चार वेळा सोडून बांधायला लावलं. आता बरंचसं मराठीच बोलतात माझ्याशी.

पण खात्री विचारली तर, "पाच-दस मील की बात होती तो हौ बोलता. पिशोर का मैं नहीं बोलता."

९ जानेवारी
रजा टाकून चौक्याच्या घाटापर्यंत जाऊन आले. घाट चढले!! उतरून नाही, बसून! ति.दु. जवळपास नाही. येताना वादी थोडी सैल. आवळली. खळगे परत उमटायला लागलेत, पूर्वीच्याच जागी. किती शहाणं कातडं!

१३ जानेवारी, भोगी
भाकरी, भाजी पोटभर. हवा भरली. वादी तपासली, परत तपासली. सासूबाईंनी तिळगुळाचा डबा भरला आणि विचारलं, "परत लावू का गं थोडं तेल?" नको म्हटलं, आता तिला तुमची माया पुरलीय. त्या खूश झाल्या. उद्या पहाटे निघायचं. हे मागून स्कूटीवर येणार, उगाच. झोप येईल असं वाटत नाही.

१४ जानेवारी, फुलंब्री
चहाच्या टपरीवर लिहितेय. हात काळे झालेत, पान खराब होतंय, होऊ दे.

घाट पार! हर्सूल सोडल्यावर असं धुकं होतं की पुढचं चाक तेवढं दिसत होतं, आणि मी गातेय! ति.दु. अजिबात नाही, अजिबात!

आणि मग गावात शिरताना खट्. वादी तुटली. मधोमध. सीट लगेच खाली बसली, कडा बाहेर.

हे म्हणाले, "अर्धं आलीस, लई झालं. सायकल इथं ठेवू, बस मागं." खरंच हळू बोलले, चिडवलं नाही. त्यामुळंच अवघड गेलं. चहावाल्या मावशींकडं सुतळी मागितली. दुहेरी केली, ओवली, पाय लावून ओढली, चाचांची गाठ मारली. बसून बघितलं. पहिल्यासारखी नाही. टिकेल का ते चाचा पण सांगू शकणार नाहीत.

ह्यांच्या हातात तिळगुळाचा डबा दिला. म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आक्काला सांगा चहा टाकू नको इतक्यात, मला वेळ लागेल. "आणि मधेच तुटली तर?" तर परत बांधीन. सुतळीचं बंडलच घेतलंय मावशींकडून.

ह्यांनी एकदा स्वतः गाठ ओढून बघितली. मग गेले. स्कूटीचा आवाज पण आता येत नाही. चहा संपला. निघते.