खोडलेला धवला

मृणाली,

आक्का मावशीला आणायला कशेळीला जातोय. भात झाकून ठेवलाय, कालवण तेवढं गरम करून घे.

टेबलावर पुस्तक आहे, त्याला ओला हात लावू नकोस. आपल्या भिवंडीच्या गाण्या-वाजवण्यावरची तीन पुस्तकं तुझ्या आईने वाचनालयातून आणली होती, त्यातलं हे एक. ती गेल्यावर मी तिन्ही परत केली. यात पेन्सिलीने बरंच लिहिलेलं होतं. पुस्तक खराब केलं म्हणून बोलतील असं वाटलं, म्हणून बसून सगळं खोडरबराने पुसलं. वाचलं नाही. तेव्हा मी काहीच वाचत नव्हतो.

काल आक्काचा फोन आला. म्हणाली, "दाजी, मृणालीच्या हलदीला गायचा धवला तिनं त्या पुस्तकातच लिवलाय. छापणाऱ्यानं अर्धाच छापलाय, बाकीचा मीच लिवते, असं बोलली मना."

सकाळी जाऊन पुस्तक परत आणलं. तुझी आई पेन्सिल दाबून लिहायची. पान खिडकीशी तिरकं धरलं की अक्षरांचे वळ दिसतात. चार ओळी मी कागदावर उतरवल्यात. पुढचं मला दिसत नाही. आक्काला चाल येते, शब्द येत नाहीत.

लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलंय, ते तसंच राहील. हळदीला गाणं तिचंच व्हायला पाहिजे.

माझ्यावर नंतर रागाव. आधी उजेड आहे तोवर वाचून घे.

बाबा