दारावरच्या शोकीची तुटकी भुवई

दिनांक : १४ नोव्हेंबर

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
तोबानिशी विभाग कार्यालय (रस्ते व शहर-देखावा शाखा),
क्योटो.

अर्जदार : श्रीमती कुझुहारा तोमिए, कौल-कारागीर कै. यासाबुरो यांची पत्नी. राहणार ओबोरोया कंपनीच्या फाटकासमोर. (खरे तर कंपनी अर्जदाराच्या घरासमोर आहे. आधी कोण आले ते पुढे येईलच.)

विषय : अर्जदाराच्या दारावरील शोकीची मूर्ती उतरविण्याची नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, जी अर्जदार घरात असताना दार न ठोठावता पोस्टाच्या पेटीत कोंबण्यात आली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की (‘सविनय’ हा शब्द आपल्या कार्यालयाच्या नमुन्यात आधीच छापलेला आहे, म्हणून राहू दिला आहे) :

१. सदर नोटिशीत असे म्हटले आहे की, अर्जदाराने ओबोरोया कंपनीच्या खेळातील ‘तोरासुके’ या नोंदणीकृत नायकाची विनापरवाना प्रतिकृती दारावर लावली आहे, तिच्यामुळे परदेशी लोकांची गर्दी होऊन रस्ता अडतो, सबब ती महिनाअखेर उतरवावी, अन्यथा कार्यालयाचे कामगार ती उतरवून नेतील. मूर्ती चुन्यात पक्की बसविलेली आहे. ती उतरत नाही, फुटते. हे नोटीस लिहिणाऱ्यास ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून चालत असावे. दोहोंपैकी काय, ते कळवावे.

२. आपण तोक्योहून बदलून आला आहात असे कळते, म्हणून शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट सांगावी लागत आहे. या शहरात देवळाच्या छपरावर राक्षसाचे तोंड असते. ते तोंड देवळातली पीडा बाहेर हाकलते, आणि हाकललेली पीडा समोरच्या घरात शिरते. म्हणून समोरचा माणूस आपल्या दारावरच्या कौलांवर मातीचा शोकी, म्हणजे राक्षसांना पळवून लावणारा वीर, बसवतो : दाढीवाला, डोळे वटारलेला, हातात उपसलेली तलवार. आता शोकी समोरच्याकडे डोळे वटारतो हे उघड आहे. समोरच्याला ते खुपलेच तर तो आपल्या दारावर फुगऱ्या गालांच्या हसऱ्या बाईचा मुखवटा लावतो. एक रागावतो, एक हसते, आणि विषय तिथेच मिटतो. कोणी कोणाला बोलत नाही. वकील लागत नाही.

३. अर्जदाराच्या घरासमोर पूर्वी देऊळ होते. लग्नानंतर पहिल्या वसंतात अर्जदाराच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने शोकी घडवून, भाजून दारावर बसविला. यजमान उत्तम कारागीर होते. त्यांनी शाकारलेली छपरे आता या शहरात उरली नाहीत. कुठे कारखान्याची कौले आली, कुठे सपाट गच्ची. त्यांच्या हातचे उघड्यावर उरलेले काम म्हणजे हा एक शोकी. त्यांच्या स्वभावाविषयी एवढेच नमूद करणे आहे की ते बोलत नसत. कामावर मातीकडे पाहत, जेवताना वाडग्याकडे. अर्जदाराकडे त्यांनी कधी धड पाहिल्याचे अर्जदारास स्मरत नाही आणि त्याचा राग अर्जदाराने त्यांच्या हयातीत व नंतरही सोडलेला नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

४. देवळाने जागा विकली आणि ओबोरोया कंपनी आली. कंपनी फोनवर व पडद्यावर खेळायचे खेळ बनवते. इमारत पाहिली तर दारूगोळ्याचे कोठार वाटावे : पांढऱ्या भिंती, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी नाही, नावाची पाटी तळहाताएवढी. आत कोणाला सोडत नाहीत. तरी जगाच्या पाठीवरून लोक येतात, भिंतीचा फोटो काढतात, भिंतीसमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढतात आणि हात हलवत परत जातात. कंपनी त्यांना साधा चहा विचारत नाही. इतक्या वर्षांत इतके मूर्ख एका भिंतीसमोर उभे राहिलेले पाहून अर्जदाराचे माणसांविषयीचे मत जे बनायचे ते बनले आहे.

५. गेल्या एप्रिलात कॅलम रेडपाथ नावाचा मनुष्य आला. हा टास्मानियात कालवांच्या शेतावर कामाला आहे. दार भरेल एवढा देह, तांबडी दाढी, आणि डावी भुवई मधोमध भादरून तिचे दोन तुकडे केलेले. अर्जदारास प्रथम गजकर्ण वाटले. त्याने कंपनीसाठी आपल्या गावचा मधाचा डबा आणला होता आणि तो दोन्ही हातांत धरून फाटकाशी उभा होता. पहारेकरी मुरोई याने, आत जाता येत नाही व भेट घेता येत नाही असे सांगून, नियमाप्रमाणे कमरेत वाकून निरोप दिला. पाहुणा दृष्टीआड होईपर्यंत वाकून राहायचे असते. परंतु या पाहुण्याने आपले सगळे शिष्टाचार कंपनीच्या खेळातून उचललेले होते आणि त्या खेळात म्हणे वाकलेल्या योद्ध्याकडे पाठ फिरवणे हा भ्याडपणा समजतात. सबब तोही वाकला, मुरोईपेक्षा जरा जास्त. अर्जदाराने धुणे वाळत घातले, भात टाकला, खिडकीत येऊन पाहिले, तर दोघे तसेच. असली अक्कल एका बाजूला असती तर निभले असते.

६. अर्जदार दारात पाणी शिंपडण्याची बादली व पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “मुरोई, माझ्या दारात हे काय चाललंय?”

मुरोई जमिनीकडे पाहूनच म्हणाला, “काकू, ते जात नाहीत. ते गेल्याशिवाय मला कंबर सरळ करता येत नाही.”

त्यावर त्या परदेशी माणसाने तोंड उघडले. त्याने इथली भाषाही त्याच खेळातून शिकलेली असल्याने तो तीनशे वर्षांपूर्वीच्या सरदारासारखा बोलतो. तो म्हणाला, “हे माते, हा पामर सप्तसिंधू उल्लंघून स्वामींच्या गडास वंदन करण्या आला आहे. मधुकुंभ स्वीकारला जाईपर्यंत येथून पाऊल हलणार नाही.”

एवढे बोलून त्याने मान वर केली. अर्जदाराकडे पाहिले. मग अर्जदाराच्या डोक्यावर, कौलांकडे पाहिले. पुन्हा अर्जदाराकडे पाहिले, आणि शिंपडलेल्या पाण्यातच गुडघे टेकून तो अर्जदारास म्हणाला, “स्वामी.”

अर्जदार म्हणाली, “स्वामी गेला खड्ड्यात. आधी ऊठ, विजार भिजली तुझी.”

तो उठून अर्जदाराच्या दारी आला, तेव्हा कुठे मुरोईची कंबर सुटली.

७. मधाचा डबा अर्जदाराच्या पदरात पडला. भेट घेतली की परतभेट देणे आले, आणि सलगमाचे लोणचे मुरायला दोन दिवस अवकाश होता. त्यामुळे सदर मनुष्य दोन दिवस अर्जदाराच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याने फोनवर तो खेळ दाखवला. तोरासुके नावाचा एक दाढीवाला राक्षसांना झोडपत फिरतो. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. ती राक्षसाच्या नखाने तुटली अशी भलीमोठी कथा कंपनीने रचली आहे आणि देशोदेशीचे मोठे बाप्ये त्या कथेपायी न्हाव्याकडे जाऊन भुवई भादरून घेतात.

अर्जदाराची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. तिच्याशी राक्षसाचा संबंध नाही. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, म्हणजे शोकी घडण्याच्या आधी, कौले वाळवण्याच्या छपरीत चळतीवरचे कौल घसरून कपाळावर आले. यजमानांनी मातीने भरलेला हात तसाच जखमेवर दाबून धरला. बोलले काहीच नाहीत, तेव्हाही आणि नंतरही.

शोकीची भुवई तशीच आहे हे अर्जदारास ठाऊक होते. परंतु ती भाजताना तडकली, असा अर्जदाराचा इतकी वर्षे समज होता. चांगला माल लोकांना विकून तडकलेला आपल्या दारावर लावला, यावरून अर्जदाराने यजमानांना कितीदा फाडून खाल्ले असेल त्याला गणती नाही. ते ऐकून घेत आणि भात खात.

दुसऱ्या दिवशी रेडपाथने शिडी धरली आणि अर्जदार वर चढली. शेवाळ खरवडून भुवईवर बोट फिरवले. कौलवाल्याच्या बायकोला हे सांगावे लागत नाही : भट्टीत गेलेल्या तड्याची कड बोटाला लागते. ही कड लोण्यासारखी होती. माती ओली असताना सुरीने कापलेली, आणि कापून वर अंगठ्याने गोंजारलेली. मग अर्जदाराने बाकीचा चेहराही पाहिला. एक भुवई वर, नाकपुड्या फुललेल्या, खालचा ओठ पुढे. दाढी वगळली तर, चुकीच्या दिवशी कचऱ्याची पिशवी ठेवणाऱ्याकडे अर्जदार ज्या तोंडाने पाहते, तेच ते तोंड. ज्या माणसाने आपल्याकडे कधी पाहिले नाही असे अर्जदार जन्मभर म्हणत आली, त्याने सगळे पाहून ठेवले होते. अर्जदार शिडीवर रडली. हे अर्जात लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मुरोई फाटकातून बघत होता, आणि त्याने कुठे सांगितलेच तर ते खरे समजावे.

८. आता कंपनीने हा चेहरा कुठून आणला ते सांगते. कंपनी नवी असताना सेगावा नावाचा चित्रकार अर्जदाराच्या वळचणीखाली उभा राहून सिगारेट ओढत असे आणि वर बघत असे. एकदा तो म्हणाला होता, “काकू, तुमचा हा दाढीवाला रागावतो ना, तो अगदी घरच्यासारखा रागावतो.” अर्जदाराने त्याच्या बुटांवर पाणी ओतले. तो आज कंपनीचा संचालक आहे. त्याने चित्र काढले त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, आणि एक पैसाही नको. शहाण्या माणसाने एवढेच केले असते, की गुपचूप बसला असता.

९. कंपनीला तेवढेही जमले नाही. रेडपाथ लोणचे घेऊन घरी गेला आणि त्याने शोकीचा व अर्जदाराचा फोटो शेजारी शेजारी लावून जगाला दाखवला. तेव्हापासून येणारे लोक फाटकाकडे पाठ करून उभे राहतात. ते अर्जदाराला वाकून नमस्कार करतात आणि जरा रागावून पाहण्याची विनंती करतात. अर्जदारास त्यासाठी काही वेगळे करावे लागत नाही. रस्ता अडतो हे खरे आहे. परंतु तो कंपनीच्या भिंतीसमोर अडत होता तेव्हा आपल्या कार्यालयाला दिसत नव्हता. कंपनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि ज्यावरून नक्कल केली तेच नकली आहे, असे तिने वकिलामार्फत आपणांस लिहून दिले. या शहरात धंदा करणाऱ्या कंपनीला फाटकावर एक हसरी बाई लावायचे सुचू नये, याला काय म्हणावे ते अर्जाच्या भाषेत बसत नाही.

१०. नोटीस घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आली होती. टेबलामागच्या तरुण गृहस्थांनी मूर्ती खेळाच्या आधीची असल्याचा पुरावा मागितला : तारखेसह फोटो किंवा खरेदीची पावती. नवरा बायकोला पावती देत नाही, असे अर्जदाराने सांगून पाहिले. यजमानांना फोटोचे वेड नव्हते, हेही सांगितले. अखेर अर्जदार म्हणाली, “माझ्या तोंडाकडे बघा, म्हणजे कळेल.”

ते म्हणाले, “आजी, तोंड बघून इथे काही होत नाही. कागद आणा.” हे बोलतानाही त्यांनी मान वर केली नाही. तोच पुरावा त्यांच्यासमोर बराच वेळ उभा होता आणि मग घरी गेला.

११. सबब अर्जदाराची विनंती अशी की,

(अ) नोटीस रद्द करावी. कामगार पाठविल्यास शिडीच्या पहिल्या पायरीवर अर्जदार बसलेली असेल, याची त्यांना आगाऊ कल्पना द्यावी.

(आ) कंपनीस फाटकावर हसरी बाई लावण्याचा सल्ला द्यावा. अर्जदाराचा शोकी ते मनावर घेणार नाही.

(इ) तो चेहरा कंपनीचाच आहे असे आपल्या कार्यालयाचे मत कायम राहिल्यास, त्याच चेहऱ्याची आणखी एक विनापरवाना प्रत अर्जदाराच्याच घरात राहते, रोज सकाळी रस्ता झाडते आणि लोकांची गर्दी जमवते. ती कोणत्या नियमाखाली उतरवायची, आणि ती कचऱ्यात फुटक्या वस्तूंच्या दिवशी ठेवायची की अवजड सामानाच्या, ते लेखी कळवावे. अर्जदार कचऱ्याच्या वारांबाबत काटेकोर आहे.

कागदाचा पुरावा नसल्याने अर्जदार येत्या सोमवारी स्वतः आपल्या टेबलासमोर उभी राहील. आपण फक्त मान वर करून पाहावे. अर्जदाराच्या यजमानांनी एकदा नीट पाहिले होते. ते ऊनपावसात अजून टिकून आहे.

आपली
(नम्र नाही, पण शेजारधर्म पाळणारी)

कुझुहारा तोमिए

सोबत : मधाचा रिकामा डबा, रेडपाथ खरोखर आला होता याची खूण म्हणून. पाहून परत करावा. त्यात लोणचे घालायचे आहे. तो पुढच्या एप्रिलात येणार आहे, आणि त्याला दारावर शोकी दिसला पाहिजे.