फरशीखाली गेलेलं पाणी

पनवेल, शनिवार संध्याकाळ, २०११

शेजारी बाईक आणायला गेलाय, तोवर लिहितो. नाहीतर डोकं फिरेल.

घरांच्या प्रदर्शनात आज विचुंब्याच्या शेठचा स्टॉल उभा केला. प्लास्टिकचे चौकोन एकमेकांत अडकवून केलेली उंच फरशी, मधोमध स्टीलचा स्टँड, त्यावर नव्या इमारतीचं मॉडेल. मॉडेलमधल्या दिव्यांची वायर फरशीखालून नेलीय. मध्ये, स्टँडच्या पायाशी, एक जोड आहे, टेप गुंडाळलेला. मीच गुंडाळला.

उद्घाटनाचा नारळ शेठनी थेट फरशीवरच फोडला. पाणी क्षणात दिसेनासं झालं. सांध्यांतून खालीच गेलं, दुसरं कुठं जाणार? मी म्हटलं, "शेठ, लाइट बंद करून दोन चौकोन उचलून बघतो."

"अरं, नारलाचा पानी हाय. शुभ कामान खोडा नको घालू."

गिऱ्हाइकं आत येत होती. मी पक्कड परत पिशवीत टाकली. का टाकली?

नारळ फुटला म्हणून सगळे चपला बाहेर काढून आत जात होते. शेठच्या आईसुद्धा. स्टँडवर हात ठेवून त्या मॉडेलमध्ये आपला मजला शोधत होत्या. एकदम हात मागे घेतला नि हसल्या. "मुंग्या आल्या रं. आता वय झाला."

मीही हसलो. आणि घरी आलो! आत्ता घास तोंडात असताना ते पाणी आठवलं, आणि स्टँडवरच्या त्या मुंग्या.

शेठ फोन उचलत नाहीत. तिथं गाणी लावलीत, ऐकू कसं येणार? बायको विचारतेय, घरात बूट कसले घालताय?

रबरी तळाचे आहेत, म्हणून.

तिथं सगळे अनवाणी आहेत.