‘रंधा’, खास पुरुषांसाठी

३ मार्च
ह्यांनी जेवताना जाहीर केले की महिनाअखेरीस सुतारकामाचा कारखाना बंद. लाकडी कपाटे आता कोणाला हवीत, म्हणे. म्हणजे एक तारखेपासून हे दिवसभर घरात! आमचा छत्तीस वर्षांचा संसार टिकला तो हे दहा तास बाहेर असतात म्हणून. उपाय करावा लागेल. करणार.

४ मार्च, सकाळी
उपाय सापडला. सूनबाईने मासिकातून वाचून दाखवले : पुरुष हल्ली लाकूड-मसाल्याच्या वासाचे, जुन्या कारागिरीची आठवण देणारे सेंट लावतात. भाव विचारू नये. छत्तीस वर्षे ह्यांच्या शर्टातून मी तोच वास फुकट धुऊन काढते आहे! मी बी.एस्सी., रसायनशास्त्र. नाक तर लहानपणापासून तिखट. कारखान्यात आता कपाटांऐवजी सेंट करायचे, म्हणजे हे पुन्हा दहा तास बाहेर. सेंटचे नावही ठरले, ह्यांच्या लाकूड तासायच्या हत्याराचे : ‘रंधा’. ह्यांना सांगितले. हसले. हसू देत.

७ मार्च
बरणीत सागाचा भुसा, लवंग, मिरी, दालचिनी. वर स्पिरिट. कारखान्यातल्या फळीवरची बाटली आणली. ह्यांना विचारले नाही, विचारत बसले की कामे होत नाहीत. स्पिरिट जरा तपकिरी होते. मुरलेले असणार.
दूध करपले. सूनबाई दोन खोल्या पलीकडून धावत आली. मी शेगडीशेजारीच उभी होते. एकाग्रता म्हणतात ती हीच.

१५ मार्च
गाळले. रंग देखणा. वास सूक्ष्म, इतका की सामान्य माणसाला कळू नये. सूनबाईने मात्र घरभर खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, “आई, डोकं उठलं हो!” हल्लीच्या मुली नाजूक. लवंगा दुप्पट केल्या.

१८ मार्च
ह्यांच्या मनगटाला लावले. हे सर्दीने बेजार, म्हणून वासाबद्दल मत विचारले नाही. दहा मिनिटांत कातडी ओढल्यासारखी वाटते म्हणाले. नंतर शर्टाची बाही चिकटली. सोडवताना केस गेले. केवढा आरडाओरडा! पुरुषांना म्हणून काही सोसत नाही.
मनगट मात्र चकाकत होते. जाहिरातीत घालणे.

२३ मार्च
सेंटच्या दुकानात गेले. दुकानदाराने बूच काढले, लगेच लावले, आणि विचारले, “बाई, घरात रंगकाम काढलंय का?” अडाणी. बाटली हिसकून घेताना चार थेंब त्याच्या जुनाट काउंटरवर सांडले. फडक्याने पुसले तर लाकूड आरशासारखे. तेव्हा साहेबांचा सूर बदलला. एका बाटलीत किती फूट होईल, म्हणे! तरातरा निघाले. पायरीवर चप्पल तुटली.

२८ मार्च
दुकानदार बाटलीच्या चिठ्ठीवर वाचलेला पत्ता शोधत कारखान्यात आला. काउंटर आणि नऊ कपाटांना पॉलिश हवे आहे, तेच, लवंगवाले. हे घरी येऊन खोकला लागेपर्यंत हसले. मी आणली ती बाटली स्पिरिटची नव्हतीच. त्यात लाख विरघळवलेली होती. ह्यांचे तयार पॉलिश. “अगं, हातभर लांबून वास येतो त्याचा,” म्हणाले.
मग हसायचे थांबले. गेल्या वर्षीच्या तापापासून तुला वासच येत नाही का, असे विचारले. मी म्हटले, सर्दी आहे. कधीपासून, म्हणाले. मी पोळ्या करायला उठले.

१ एप्रिल
कारखाना चालू. हे आठाला डबा घेऊन गेले. योजना तडीस नेली, ती मीच. घर शांत. हवे होते तसेच.

१ एप्रिल, संध्याकाळी
हे आले. शर्ट खुंटीला लावून अंघोळीला गेले. मी दार लोटून शर्ट नाकाशी धरला. कॉलरपाशी भुसा दिसत होता. बराच वेळ धरला.
आज हवा दमट आहे. शर्ट धुवायला टाकलेला नाही. उद्या पुन्हा बघेन.