शांता आणि मंगल एकच, असं मी लिहून देते

प्रिय आई,

होतीस तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही, आणि आज लिहितेय ती तुझ्या धाकटीच्या कामापायी. बघ, तू गेल्यावरसुद्धा आपल्या दोघींच्या मध्ये वैशू आहेच!

आज शुक्रवार, रियाधमधली सुट्टी. सुधीर जेवून आडवा झालाय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रतिज्ञापत्र लिहायला बसले होते. रविवारी ते एम्बसीत नेऊन सही करायची आहे. चार ओळी लिहिल्या, खोडल्या, आणि म्हटलं, आधी तुझ्याशी भांडून घ्यावं.

वैशूला अमेरिकेत आश्रय मिळाला, इथवर तुला माहीत होतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आपल्याच भावकीने तिच्या नवऱ्याचं डोकं फोडलं होतं, परत दिसलात तर सोडणार नाही म्हणून सांगितलं होतं. आता तिने तिकडे कायमचं राहण्यासाठी अर्ज केलाय. तर तिथल्या कचेरीने विचारलंय, जन्मदाखल्यावर तुमच्या आईचं नाव शांता आहे, बाकी सगळ्या कागदांवर मंगल. या बाया दोन की एक? महिनाअखेरपर्यंत सिद्ध करा, नाहीतर अर्ज फेटाळू.

हसू आलं ना तुला? त्यांना काय ठाऊक, आपल्याकडे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी संपते! बाबांनी मंगल लिहिलं आणि तू मंगल झालीस. माझ्या वेळी त्यांनीच नोंद केली, म्हणून माझ्या दाखल्यावर मंगल. वैशू झाली तुझ्या माहेरी. मामा नोंद करायला गेला आणि जी हाक जन्मभर मारली तेच नाव सांगून आला. म्हणजे माझ्या वाट्याला घरची सून आली आणि तिच्या वाट्याला मामाची बहीण. दाखल्यावरसुद्धा चांगली आई तिलाच!

हो, जळते मी. तुझ्यापासून काय लपवायचं? सुधीर इथल्या अल सुलै भागातल्या गोदामात एवढी वर्षं खपला, पण आमचा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की यल्ला, चला, सामान बांधा. मी या घरात एक चांगलं कपाट घेतलं नाही गं, जाताना काय करायचं त्याचं म्हणून. आणि तिला देश मिळणार, कायमचा! तिच्या नवऱ्याने मार खाल्ला, तिने घर सोडलं, सगळं कळतं मला. तरी तिने फोनवर सांगितलं की अंगणात लिंबू लावलंय, तेव्हा माझ्या पोटात दुखलंच.

आणि तू तरी काय कमी केलंस? शेवटच्या दिवसांत चिपळूणच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी कोण होतं? मी. इथून धावत आले, तुझी वेणी घातली, तुला पेज भरवली. आणि तू डोळे उघडून मला काय विचारलंस? "वैशी जेवली का?" मी "जेवली" म्हटलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. एकदा तरी विचारायचंस ना, मी जेवले का ते!

वैशू झाली आणि मी ताई झाले. बाबा, मामा, शेजारपाजार, सगळ्यांची ताई. तूसुद्धा ताईच म्हणू लागलीस. त्याआधी तू मला माधे म्हणायचीस, आठवतं?

परवा वैशूचा फोन आला. म्हणाली, "ताई, तू पाठवलंस ते वकिलाने परत केलं. नुसतं 'मला माहीत आहे' लिहून चालत नाही म्हणे. कसं माहीत, कधी, काय पाहिलंस, ते लिहायचं. मावशीने तिचं दिलंय. मामा नाही आता. तूच आहेस गं."

सुधीर म्हणाला, "अगं, लिही की काहीतरी आणि टाक पाठवून. खलास!" आपली रुही मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, मौसी का पेपर अभी तक नहीं भेजा?" यांना कसं सांगू की माझ्याकडे वैशूपेक्षा जास्त अशी एकच गोष्ट आहे, आणि तीच तिला हवी आहे?

वैशूच्या वेळी तू दिवस भरत आल्यावर माहेरी आलीस, मला बोटाला धरून. मामा बाहेर गेला होता, परत येताना त्याने रस्त्यावरूनच हाक मारली, "शांतेऽऽ!" आपल्या घरी कुणी हाक मारली की तू पदर सारखा करून मुकाट्याने यायचीस. त्या दिवशी मात्र एवढं पोट घेऊन "आल्ये रे!" असं ओरडत पायऱ्या उतरलीस. मी बघतच राहिले. ही कोण बाई? आणि ही माझी आई आहे?

हेच लिहिलंय बघ आत्ता. हाक, पायऱ्या, "आल्ये रे". हे सांगणारी जगात मी एकटीच उरलेय. वैशूही तिथे होती म्हणा, पण पोटात. ते धरायचं नाही!

रविवारी सही करते, त्याच दिवशी पाठवते. तुझ्या धाकटीला कुणी परत पाठवणार नाही, निदान माझ्या कागदामुळे तरी नाही. शब्द देते. जळत जळत देते, पण देते.

फक्त एक गोष्ट लिहिली नाही. त्याच संध्याकाळी माडाखाली माझे केस विंचरताना तू म्हणालीस, "माधे, तूही मला शांता म्हण बघू एकदा." मी लाजत लाजत म्हटलं, आणि तू "ओ" दिलीस. ते वकिलाला नाही, कचेरीला नाही, वैशूला तर मुळीच नाही. ते माझं.

आज पुन्हा एकदा म्हणते. शांते!

तुझी,
माधी